दोन टिंबांचा लोप

४ ऑगस्ट

ज्या माणसाशी मी नऊ वर्षे बोललेलो नाही त्याचा सत्कार होणार आहे, आणि त्याच्याविषयीच्या 'हृद्य आठवणी' मी लिहून पाठवाव्यात असे पत्र आज टपालाने आले. वार्ताहर म्हणून तीस वर्षे सत्कार पाहत आलो. माणसाने साठीच्या आसपास असावे, खुर्चीत दोन तास न कण्हता बसावे, आणि त्याच्याविषयी कुणाला काही खास आठवू नये, एवढी पात्रता पुरते. तिसऱ्या अटीवर हा नापास व्हायला हवा होता. शिवाय हा मुद्रितशोधक. छापायच्या मजकुरातल्या चुका काढणे हा धंदा. ज्याचे उत्तम काम कधीच कुणाला दिसत नाही अशा माणसाचा सत्कार करायचे सुचावे, इतकी ही समिती रिकामटेकडी आहे.

त्याचे नाव उपसर्ग. हे अर्थात पाळण्यातले नाव नव्हे. संस्कृतच्या वर्गात आम्ही एका बाकावर बसत असू. व्याकरणाचे सर एकदा म्हणाले, "उपसर्ग आगंतुकासारखा धातूच्या पुढ्यात येऊन बसतो आणि त्याचा अर्थ भलतीकडे पळवून नेतो." अख्खा वर्ग मागे वळून याच्याकडे पाहू लागला. नाव ठरले. उपसर्ग म्हणजे उपद्रव हा दुसरा अर्थ कोशात होताच, तो पुढे आयुष्यभर सिद्ध झाला. मला त्याने त्याच तासाला विसर्ग केले. गोल भिंगांचा चष्मा म्हणून दोन टिंबे, आणि सगळ्यांच्या मागून धापा टाकत येतो म्हणून शेवटचा श्वास.

पत्र टाइप केलेले आहे. खाली सही नाही, 'चिटणीस' असा शिक्का आहे. मजकूर असा: "आठवणी शक्यतो खऱ्या असाव्यात. समारंभात लेखकाने त्या स्वतः वाचून दाखवायच्या आहेत. आपण न आल्यास समितीस अतीव दुख होईल."

दुख! विसर्ग नाही. तांबड्या शाईने दोन टिंबे देऊन पत्र परत पाठवले. दुसरे काही लिहिले नाही.

६ ऑगस्ट

बायको म्हणाली, "जाणार ना?"

"मी? त्याच्या सत्काराला?"

"नाही, माझ्या. विचारलं आपलं."

"तिथं चार शहाणी माणसं असतील. त्यांच्यासमोर खरं बोलावं लागेल मला."

"बोल की. नऊ वर्षं घरात बोलतोयस, माझे कान तरी सुटतील."

९ ऑगस्ट

समितीचे दुसरे पत्र. "दोन टिंबे मिळाली. जपून ठेवली आहेत. तथापि आपला लेख मिळाला नाही याचे दुख आहे." पुन्हा तेच! चिटणीस नुसता अशिक्षित नाही, आगाऊही आहे. पुन्हा टिंबे दिली, आणि समासात लिहिले: 'हा शब्द लिहिता येत नसेल तर खेद वापरावा.'

मात्र समारंभाला जायचे ठरवले आहे. पहिले सातशे शब्द गोड आठवणी. शेवटच्या शंभरात, सर्वांदेखत, आईच्या निधनाच्या सूचनेत याने काय केले ते. टाळ्या तिथे थांबतील. थांबाव्यात.

१० ऑगस्ट

गोड आठवणी लिहायला बसलो. नाइलाज म्हणून लिहितो.

शाळेच्या शेवटच्या वर्षी याने परीक्षेत एक सुभाषित स्वतःच रचून ठोकून दिले आणि खाली कवीचे नाव लिहिले, कश्चिद्भट्ट. कश्चित् म्हणजे कुणीतरी. कुणीतरी भट्ट! सरांना शंका यायला हवी होती. पण ज्ञानी माणसाला 'मला माहीत नाही' एवढे तीन शब्द जड जातात. त्यांनी वर्गात दोन तास त्या श्लोकाचे रसग्रहण केले आणि म्हणाले, "कश्चिद्भट्टाचा काळ विवाद्य आहे." उपसर्गाने हात वर करून विचारले, "सर, पण ते होऊन गेले हे नक्की ना?" सर म्हणाले, "निःसंशय." पुढच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेत संदर्भासह स्पष्टीकरणाला कश्चिद्भट्ट होता. चार गुणांना.

यात गोड काय आहे मला ठाऊक नाही. लिहिताना हसू आले हे खरे, पण ते सरांचे.

१३ ऑगस्ट

कचेरीत तरुण संपादक म्हणाले, "सर, तुमच्याकडे त्यांचे किस्से असतील ना भरपूर? रविवारच्या पुरवणीला द्या की."

मी म्हटले, "किस्से नाहीत, गुन्हे आहेत."

"तेच द्या. वाचतात लोक."

लोक काय वाचतात ते मी याच्यामुळेच शिकलो. आम्ही दोघे एकाच वर्षी या वर्तमानपत्रात लागलो, मी वार्ताहर, तो मुद्रितशोधक. एकदा हवामानाच्या चौकटीत याने छापून टाकले, 'आज शहरात हवामान राहील.' तीन दिवस तेच. तक्रार एकही नाही. एका निवृत्त गृहस्थांचे मात्र पत्र आले, की अंदाज प्रथमच तंतोतंत खरा ठरत आहे, अभिनंदन. दुसऱ्यांदा एका संस्थेच्या अध्यक्षांनी 'संस्थेच्या प्रगतीचा आढावा' घेतल्याची माझी बातमी होती. याने 'प्र' काढून 'अधो' जोडला. आता आपली नोकरी गेली म्हणून मी दिवसभर फोनकडे बघत बसलो. दुपारी फोन आला. अध्यक्षांना अंकाच्या पंचवीस प्रती हव्या होत्या. त्यांचा फोटो चांगला आला होता.

"बघितलंस?" उपसर्ग म्हणाला. "तू उगाच घाबरतोस. आपण दोघंच वाचतो हा पेपर."

माझ्या मजकुराशी मात्र त्याचा एकच ठरलेला खेळ होता. 'दुःख' शब्द आला की त्यातली टिंबे काढायची. वीस वर्षे! अंक छापायला जाण्याआधी मी धावत जाऊन ती परत घालायची. मी ओरडलो की म्हणायचा, "अरे, लोकांचं दुख आधीच जड, त्यात दोन टिंबांचा बोजा कशाला?" छापून मात्र एकदाही चुकीचे गेले नाही. मी पोहोचलो नाही अशा दिवशीही नाही. तेव्हा ती कोण घालत असे, हे विचारायचे राहून गेले.

१४ ऑगस्ट

एक राहिले. माझ्या दारावरच्या पाटीत आडनावापुढे याने रंगाने दोन टिंबे काढून ठेवली आहेत. नवा टपालवाला आला की आडनावाच्या शेवटी जोराने श्वास सोडतो. पाटी पुसायला गेली कित्येक वर्षे वेळ झालेला नाही. मागे घराला रंग दिला तेव्हा रंगारी पुसायला निघाला होता, त्याच्यावर मी का खेकसलो ते आठवत नाही. न विचारता लोकांच्या पाट्या पुसायच्या म्हणजे काय?

१७ ऑगस्ट

आता शेवटचे शंभर शब्द. ते जड जाणार नाहीत असे वाटले होते.

आईने मला अक्षरे शिकवली. विसर्ग शिकवताना तिने माझा तळहात स्वतःच्या तोंडासमोर धरला आणि 'अः' म्हटले. "लागला वारा? तोच विसर्ग." पुढे मी व्याकरणाचे किती ग्रंथ वाचले, याहून चांगली व्याख्या कुणी केलेली नाही.

नऊ वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, ती गेली. दुपारचे दोन वाजले होते. उपसर्ग हातातले काम टाकून दवाखान्यात आला. कागद त्याने केले, गाडी त्याने आणली, नातेवाइकांना फोन त्याने लावले. मी बाकावर बसून होतो. कचेरीचा शिपाई निधनाची सूचना न्यायला संध्याकाळी आला आणि घेऊन गेला, एवढे अंधुक आठवते. उपसर्ग आमच्याकडून गेला तो दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, आणि तोही चुकून माझ्या चपला घालून, एक नंबर लहान. हे मी नाकारत नाही. मी कृतघ्न नाही.

पण त्या सकाळच्या अंकात, काळ्या चौकटीत, आईच्या नावाखाली छापले होते: दुखद निधन.

त्याला खेळायला दुसरा दिवस मिळाला नाही! मी तेव्हाच्या संपादकांकडे गेलो. त्यांनी याला बोलावले. हा माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "हो. माझ्याच नजरेतून सुटलं." बस्स. क्षमा नाही, खुलासा नाही. मी काही त्याला काढा म्हटले नव्हते. याला ठेवायचे असेल तर मला विचार करावा लागेल, एवढेच म्हटले होते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याला वितरण विभागात बसवले, दोन महिन्यांत त्याने राजीनामा दिला. पुढे बिऱ्हाड बदलले आणि घरी बसून शाळेची पुस्तके तपासत असे, असे कानावर आले.

मी वाचून दाखवले तेव्हा बायको भाजी निवडत होती. म्हणाली, "त्या संध्याकाळी तो होता कुठं?"

"कुठं म्हणजे? माझ्याजवळ. सकाळपर्यंत."

"मग?"

"मग काय?"

"काही नाही. चहा घे, गार होतोय."

बायकांना तर्कशास्त्र शिकवण्याची सोय शाळांतून व्हायला हवी.

१९ ऑगस्ट

समितीचे तिसरे पत्र. समारंभ रविवारी चार वाजता. पत्ता कुठल्याशा इमारतीच्या तिसऱ्या मजल्याचा. सभागृह तिसऱ्या मजल्यावर! साठीची माणसे जिना चढून सत्काराला जाणार, आणि उतरताना पुढच्या सत्कारमूर्ती होणार. 'उपस्थिती मोजकी असल्याने दुख मानू नये.' टिंबे दिली. आता हात आपोआप देतो.

लेखाला पुरावा जोडावा असे ठरवले. नुसते आरोप वाचणे वार्ताहराला शोभत नाही. मूळ कागद आणि छापील सूचना शेजारी शेजारी ठेवली की प्रश्न मिटतो. निधनाच्या सूचनांचे हस्तलिखित कागद आमच्याकडे कधीच टाकत नाहीत. पूर्वी एकदा एका जिवंत माणसाच्या निधनाची सूचना छापली गेली, तेव्हापासूनचा नियम. संशय अर्थात उपसर्गावर होता. पुढे कळले की सूचना त्या माणसाने स्वतःच दिली होती, नातेवाईक काय बोलतात ते ऐकायला.

२१ ऑगस्ट

तळघरात गेलो. तिथल्या फायली ऑपरेटरबाई सांभाळतात. अंकातला मजकूर संगणकावर टाइप करण्यात बाईंची पंचवीस वर्षे गेली. यंदा त्याही निवृत्त होतील.

"बाई, नऊ वर्षांपूर्वीच्या मार्चमधले सूचनांचे कागद हवे होते."

त्यांनी चष्मा वर केला. "कुणाची सूचना?"

"आमच्या आईची."

बाई उठल्या नाहीत. "कशाला हवाय सर? राहू दे."

"राहू दे म्हणजे? मूळ कागद आहे की नाही?"

"आहे."

त्यांनी फाईल काढली. दवाखान्याच्या औषधांच्या चिठ्ठीची पाठकोरी बाजू. अक्षर माझे. माझे 'ख' मी कुठेही ओळखीन. आईचे पूर्ण नाव, वय, वेळ, आणि त्याखाली: दुखद निधन.

टिंबे नव्हती. मी कागद खिडकीपाशी नेला. उजेडात धरला. उलटा करून पाहिला. शाई उडाली असेल, घडी पडली असेल. टिंबे कधी नव्हतीच.

"तुम्ही लिहिलं तसंच टाइप केलं मी," बाई म्हणाल्या. "मुद्रितशोधक जागेवर नव्हते, ते तुमच्याकडे होते ना. बदली मुलगा होता. त्यानं विचारलं मला. मी म्हटलं, सरांच्या हातचं आहे, त्यात कसली आलीय चूक?"

"आणि तो? त्याला ठाऊक होतं?"

"दुसऱ्या दिवशी आले होते खाली. कागद बघितला. म्हणाले, बाई, हा कुणी मागितला तर सापडत नाही म्हणा."

"मग आज कसा सापडला?"

"कुणी मागितला तर, असं म्हणाले होते. तुम्ही कुणी आहात का? कागद तुमचाच आहे."

घरी चालत आलो. वाटेत दोनदा रस्ता चुकलो.

२२ ऑगस्ट

काही नाही.

२३ ऑगस्ट

बायकोला सांगितले. ती म्हणाली, "मला वाटलंच."

"कधी?"

"नऊ वर्षांपूर्वी. माणूस एका वेळी दोन ठिकाणी नसतो, एवढं तर्कशास्त्र येतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले. तू ऐकायला बसला नव्हतास, सांगायला बसला होतास."

आठशे शब्द फाडले. सुमारे साडेसातशे पुन्हा तसेच लिहिले, कारण कश्चिद्भट्ट आणि हवामान यांचा काही दोष नव्हता. शेवट बदलला.

२४ ऑगस्ट, रविवार

तीन मजले. विसर्गासारखाच पोहोचलो, सर्वांत शेवटी आणि धापा टाकत. सर्वांत शेवटी म्हणणेही खरे नाही, कारण तिथे दुसरे कुणी नव्हते. दार उघडेच होते. सभागृह नव्हे, दोन खोल्यांचे बिऱ्हाड. सामान खोक्यांत बांधलेले, दोऱ्या आवळलेल्या. मधोमध दोन खुर्च्या. भिंतीवर पुठ्ठा चिकटवून त्यावर 'भव्य सत्कार समारंभ'.

एका खुर्चीत उपसर्ग. केस गेलेले, बाकी काही सुधारणा नाही.

"या वार्ताहर. उशीर केलात. अध्यक्ष खोळंबले."

"कुठं आहेत अध्यक्ष?"

"तूच."

"आणि चिटणीस?"

"मीच. श्रोतेही मीच. मनुष्यबळ कमी आहे."

मी पुठ्ठ्याकडे पाहिले, खोक्यांकडे पाहिले, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वीस वर्षे ज्याच्या मागे धावून दोन टिंबे परत घातली, त्याचे टिंबे नसलेले 'दुख' तीन पत्रांत मला ओळखता आले नाही! तीस वर्षांच्या वार्ताहराने ही बातमी छापू नये.

"तुझ्या घरी ठाऊक होतं," तो म्हणाला. "पत्ता वहिनींकडूनच तपासून घेतला होता, म्हटलं घर बदललं असेल."

"बदललं नाही."

"पाटी?"

"तशीच आहे."

त्याने त्यावर काहीच विनोद केला नाही. आपली बायको मुलीकडे पुढे गेली आहे आणि आपण परवाच्या गाडीने कायमचे निघालो आहोत, असे म्हणाला. मग खोक्यावरची एक फाईल उघडून दाखवली. माझ्या तांबड्या शाईतली तीन पत्रे, क्रमाने लावलेली.

"नऊ वर्षांत तू मला लिहिलेलं एवढंच. शिव्या आहेत, पण अक्षर छान आहे. आता लेख."

मी वाचणार नव्हतो. कागद त्याच्या हातात दिला. त्याने सवयीने खिशातले पेन काढले आणि ओळीखाली बोट फिरवत वाचू लागला. कश्चिद्भट्टाला हसला. हवामानाला हसला. अध्यक्षांच्या पंचवीस प्रतींना म्हणाला, "तीस होत्या," आणि आकडा दुरुस्त केला. शेवटच्या ओळीवर त्याचे बोट थांबले. ओळ अशी होती: 'इतक्या वर्षांत याच्या नावावर मी एकच दुख लिहिले, आणि ते माझ्या हातचे होते.'

टिंबे मी दिली नव्हती.

खाली कुणीतरी मुलाला अंघोळीला हाका मारत होते.

"बाईंनी दाखवला," तो म्हणाला.

"हो."

"बाई बडबड्याच."

"तू का नाही बोललास? एका वाक्याचं काम होतं. नोकरी राहिली असती तुझी."

"काय बोलायचं होतं?" त्याने वर पाहिले. "आई गेलेल्या माणसाला शुद्धलेखन शिकवायचं?"

मला संस्कृत येते, मराठी येते, पण क्षमा मागायला लागणारी भाषा मी कुठल्याही वर्गात शिकलो नाही. चष्मा काढून पुसत बसलो, तो बराच वेळ पुसावा लागला.

तोवर त्याने पेन उचलले आणि 'दुख'मध्ये दोन टिंबे घातली. पहिले जरा मोठे पडले.

"राहू दे," मी म्हटले.

"गप रे विसर्गा. आयुष्यभर काढत आलो, घालायची सवय नाही हाताला." मग म्हणाला, "अध्यक्षीय समारोप?"

"तू मूर्ख आहेस."

"टाळ्या," तो म्हणाला, आणि स्वतःच वाजवल्या.

२६ ऑगस्ट

काल दिवसभर त्याची खोकी पुन्हा बांधली. त्याच्या गाठी सुटतात, त्याला गाठ मारता येत नाही, कधीच येत नव्हती. आज सकाळी त्याला गाडीत बसवून आलो. खिडकीतून म्हणाला, "तुझ्या चपला दिल्यात का रे मी परत?" गाडी हलली, त्यामुळे उत्तर द्यावे लागले नाही. त्याच्या चपला नऊ वर्षे माझ्या कपाटात आहेत, हे त्याला कळण्याचे कारण नाही.

घरी आल्यावर हे लिहायला जवळच्या चष्म्याचे घर उघडले. आत चष्मा नाही. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एकाखाली एक शिवलेली दोन काळी बटणे आहेत.

साठीला आलेला माणूस! मुलीकडे राहायला निघालेला! दुसऱ्याचा चष्मा खिशात घालून! आता तो एक तर टपालाने पाठवेल आणि फोडून ठेवेल, किंवा मला तो आणायला दोन दिवसांचा प्रवास करून जावे लागेल. बायकोने न विचारताच गाड्यांचे वेळापत्रक काढून ठेवले आहे. या घरात मला कुणी काही विचारत नाही.

ही नोंद अंदाजाने लिहीत आहे, ओळी वरखाली झाल्या असतील. यात कुठे चूक राहिली असेल तर ती माझीच.